पखुर्ड्यांच्या पाण्यावर मांडव

तीन हिवाळे मी पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी भाकरी केल्या. आमचा माळ जतच्याही खाली, दक्षिणेला. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की मोबाइल कधी कधी तिकडचंच नेटवर्क पकडतो आणि कानडीत स्वागत करतो. झाड म्हणाल तर बाभळ, नाहीतर तीही नाही. अशा ठिकाणी साताऱ्या-कराडची शिकलेली माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात, याचं गावाला पहिल्या वर्षी हसू आलं, दुसऱ्या वर्षी कौतुक वाटलं आणि तिसऱ्या वर्षी सवय झाली.

त्यांना शहरातला एक गाईड घेऊन यायचा. माणूस वाईट नव्हता, पण माळ त्याला पाठ नव्हता. माळटिटवीची अंडी कुठल्या दगडाजवळ आहेत हे मी संध्याकाळी ताट वाढता वाढता त्याला सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथं जाऊन एकदम थांबायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि सगळ्यांना ती अंडी ‘सापडवून’ द्यायचा. लोक वाहवा करायचे. मी वस्तीवर चुलीपुढं बसून पीठ मळत असायचे. राग यायचा. तो राग पिठावर निघायचा, म्हणूनच बहुतेक माझ्या भाकरी मऊ होत असतील.

आम्ही मेंढरंवाली माणसं. माझं लहानपण आई-आप्पांच्या मागं, मेंढरांच्या मागं, रानोमाळ गेलं. बारावीपर्यंत शिकले, लग्न झालं ते दोन मैलांवर, म्हणजे सासर आणि माहेर दोन्हीकडचा माळ एकच. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी निसर्ग मार्गदर्शकांचं आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं मी हट्टानं गेले. तीस जणांत आम्ही दोनच बाया. प्रमाणपत्र मिळालं, ते मी पिठाच्या डब्यावरच्या भिंतीवर लावलं. जाता-येता दिसायचं, पण त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

मग जानेवारीत एक फोन आला. साताऱ्याच्या ग्रुपचे प्रमुख बोलत होते. रहिमतपूरकडचे ऊसवाले, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेली, आवाज अजून परेड ग्राउंडवरचा. त्यांना फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी यायचं होतं आणि नेमका त्याच दिवशी शहरातला गाईड दुसरीकडं गुंतला होता. त्यांनी मला फोन केला होता तो दुसरा कोणी गाईड माहीत आहे का, हे विचारायला.

“मी हाय की,” मी म्हणाले.

“तू? तू तर जेवणाचं बघतेस ना?”

“जेवणाचं बघत होते. आता प्रमाणपत्र आहे माझ्याकडं.”

मग ते म्हणाले, “हे बघ ताई, स्पष्ट बोलतो. तीन वर्षं आम्ही तुमच्या माळावर येतोय ते पखुर्डीसाठी. पखुर्डीचा नर पाण्यात पोट भिजवतो, ते आम्हाला बघायचंय. तीन वेळा आलो, तिन्ही वेळा हुकलं. या खेपेला तू ते दाखवलंस, तर इथून पुढं आमचा ग्रुप तुझ्याकडं. नाही जमलं तर आपलं जुनंच चालू राहू दे. तू भाकरी झकास करतेस, त्यात वाद नाही.”

ते मोठ्या मनानं बोलत होते, हे मला कळत होतं. तरी ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर भुंग्यासारखं फिरत राहिलं.

पखुर्डी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कबुतराएवढा पक्षी, रंगानं अगदी मातीचा. दहा पावलांवर बसली असेल तर ढेकूळ वाटेल. उघड्या जमिनीवरच अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की त्यांना पाण्यापर्यंत उडता येत नाही, आणि आमच्याकडं पाणी कोसावर. म्हणून बाप पाण्यावर येतो, आधी स्वतः पितो, मग पोटाची पिसं फुगवून पाण्यात बसतो, ती चांगली निथळेपर्यंत भिजवतो आणि तसाच उडून जातो. पिल्लं त्याच्या पोटाखाली घुसून ती ओली पिसं चोखतात. बापाच्या पोटाला लागून पाणी पितात. आम्हाला हे लहानपणापासून माहीत, आप्पांनी सांगितलेलं. ते पुस्तकात छापलंय हे मला प्रशिक्षणात कळलं, तेव्हा मला आप्पांचाच अभिमान वाटला.

दिवस ठरला तसं मी आठ दिवस आधीपासून पाझर तलावावर जाऊन बसायला लागले. तलाव म्हणजे फेब्रुवारीत नावालाच, मध्ये पाण्याचं एक डबकं आणि भोवती चिखल. पण पखुर्ड्यांना तेवढं पुरतं. पक्षी वेळेचा पक्का. सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान येणारच. बांधावर घायपाताची रांग आहे, तिच्याआड दहा माणसं सहज लपतील. मी कोण कुठं बसणार हेसुद्धा मनात मांडून ठेवलं. सगळं असं जागच्या जागी बसलं होतं की मलाच माझं कौतुक वाटत होतं, आणि घात झाला तो तिथंच.

शुक्रवारी गिरणीत दळण घेऊन उभी होते. सरपंच आले. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, भावकीतलेच. म्हणाले, “काय आक्का, पाव्हणं येणार म्हनं. लय भाकरी थापायच्या दिसत्यात.”

गप्प बसायचं की नाही? पण माझा स्वभाव. म्हणाले, “भाकरी न्हाई. यंदा गाईड मी हाय. साताऱ्याची, कराडची मोठमोठी माणसं येणार हायत, डॉक्टर हायत, सुभेदार हायत. माझ्या नावावर. रविवारी सकाळी आठ वाजता पाझर तलावावर.” गिरणीतल्या चार बाया ऐकत होत्या, म्हणून मी ‘माझ्या नावावर’ हे दोनदा म्हणाले. सरपंचांनी डोळे मोठे केले, “आठ वाजता? तलावावर?” म्हणून खात्री करून घेतली आणि खूश होऊन गेले. मीही पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मोठ्या तोऱ्यात घरी आले.

रविवारी साडेसहाला टेम्पो ट्रॅव्हलर फाट्यावर आली. दहा जण उतरले. सुभेदारसाहेब पुढं, नारिंगी टोपी, हातात काठी, एका गुडघ्याला पट्टा. त्यांच्याबरोबर कराडच्या एक डॉक्टरबाई, दवाखाना मुलावर सोपवून आता डोंगर-माळ फिरणाऱ्या. बाकीचे बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेले, हौशी. मी सगळ्यांना सांगितलं की एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, मी हात वर केला की थांबायचं. एका निवृत्त मास्तरांनी हळूच विचारलं, “आणि नाश्ता?” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वाटेत दिवस चांगला उगवला. डोंबारी चंडोल गोता मारत होते, खाटीक पक्षी बाभळीच्या शेंड्यावर बसला होता, आणि गवतावरून एक भोवत्या ससाणा इतका खालून गेला की डॉक्टरबाई “अगं बाई!” म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. सुभेदारसाहेब वहीत लिहीत होते. एकदा माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. ती शाबासकी होती. मी हवेत चालत होते म्हणा ना.

मग हलगी ऐकू आली.

आधी मला वाटलं, कुठल्यातरी देवाचं असेल. मग बांध चढून वर आलो आणि मी बघतच राहिले. पाझर तलावाच्या कडेला, पाण्यापासून वीस पावलांवर, लाल-पिवळा मांडव उभा होता. खुर्च्या मांडलेल्या. कर्णा बांधलेला. बाजूला जनरेटर धडधडत होता. दोन हलगीवाले जोरात होते. शाल, नारळ, फेट्यांचा ढीग टेबलावर. आणि सरपंच पांढरेशुभ्र कपडे घालून माइकवर, “आपल्या गावच्या सुकन्येच्या प्रयत्नातून सातारा-कराडहून आलेल्या पक्षीमित्रांचं हार्दिक स्वागत, हार्दिक स्वागत...”

पाहुणा गावात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याच्या डोक्याला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. आमदार असो, नवा तलाठी असो, नाहीतर विहिरीची मोटार दुरुस्त करायला आलेला वायरमन. ज्या पाण्यावर पाखरं यायची त्याच पाण्यावर, यायच्याच वेळेला मांडव घालायची चूक दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. आणि त्यांना जागा आणि वेळ कोणी सांगितली होती? सुकन्येनं.

“आवं, हे काय केलंसा!” मी सरपंचांवर ओरडले. माइक चालू होता. ते माझं ओरडणं सगळ्या माळावर घुमलं.

सरपंचांचा चेहरा पडला. “आक्का, तुजीच मानसं म्हनून... पहाटं चारपास्नं राबतुया आमी.”

त्याच वेळी डोक्यावरून त्या आल्या. मी आवाजावरूनच ओळखल्या. तीस-पस्तीस पखुर्ड्या, वेगात, सरळ पाण्याकडं. मांडव दिसला आणि थवा एकदम वर उचलला गेला. एक फेरी मारली. दुसरी मारली. मग ओढ्याच्या बाजूला वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. घड्याळात आठ वीस.

सुभेदारसाहेबांनी दुर्बीण खाली केली. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात बोलले, आणि तेच जास्त लागलं. “जाऊ दे ताई. नवीन आहेस. होतं असं. बाकी पक्षी छान दाखवलेस. आता नाश्त्याचं बघ, म्हणजे अकरापर्यंत आम्ही निघतो.”

त्यांच्या मनात माझी बदली झाली होती. गाईडवरून परत चुलीवर, अर्ध्या मिनिटात. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी कोणाच्या तरी डोक्यात नारळ घालावासा वाटत होता, शक्यतो माझ्याच. मी म्हणाले, “साहेब, मला दहा मिनिटं द्या,” आणि उतार उतरून सुटले.

आप्पा पलीकडच्या चढावर मेंढरं घेऊन होते. आता चाळीसच मेंढरं राहिलीत, लांबच्या वाटा बंद झाल्या, पण सकाळ झाली की आप्पा माळावर असतातच. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी थव्याकडं आधीच पाहिलेलं होतं. त्यांना पाखरं दिसली नाहीत असं होत नाही.

“पिल्लं हायत त्येंची,” ते म्हणाले. “पानी घेतल्याबिगर न्हाई जायाची. येत्याल परत.”

“परत कुठं? तलावावर?”

“तितली मानसं गप झाली की तितंच. सवयीची जागा हाय ती. न्हाईतर मग आपल्या आळ्यावर.”

ते आळं मला माहीत होतं. तलावाच्या चिखलात कोकरांचे पाय रुततात, म्हणून आप्पांनी ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून पाण्याचा झिरा काढला होता. शेजारी माती लिंपून परातीसारखं उथळ, पसरट आळं केलं होतं. झिऱ्यातलं पाणी डब्यानं त्यात ओतायचं, मेंढरं प्यायची, आणि मेंढरं हलली की उरलेल्या पाण्यावर पाखरं यायची. पण ते ठिकाण सगळं उघडं. ना झुडूप ना दगड. तिथं लपायचं कुठं? माणूस फर्लांगावर दिसलं की पखुर्डी फिरकत नाही.

आप्पांना हे विचारलं तर ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी विचारतेय की भाकरी कुठल्या बाजूनं थापायची. “मेंढरात बसा की. मेंढरास्नी कोन भितंय? मी बसतो तवा माज्या काठीपातूर येत्यात. उबा मानूस दिसला की उडत्यात. बसल्याला, घोंगडं घेतल्याला न्हाई.”

मी तिथंच खाली बसले. तीन वर्षं दुर्बिणीवाले आणि गाईड आणि मी स्वतःसुद्धा, लपायला झुडूप शोधत फिरलो होतो, आणि माझा बाप साठ वर्षं उघड्यावर बसून पखुर्ड्या बघत होता. पण अजून एक अडचण होती. मांडव उतरवायला सांगितला, गडबड थांबली, की पाखरं सवयीच्या जागेकडं, तलावाकडंच घिरट्या घालत राहणार, पण मांडव मोडेपर्यंत तिथं माणसांची जा-ये असणार म्हणून उतरणार मात्र नाहीत. ती ओढ्याकडं यायला हवी असतील तर तलावावर गोंगाट चालूच राहायला हवा.

हे डोक्यात आलं आणि मी अशी हसले की आप्पांना वाटलं, पोरगीला ऊन लागलं.

मी पळत मांडवात परत आले. सरपंच माइकची वायर गुंडाळत होते, तोंड एवढंसं. मी म्हणाले, “सरपंच, गुंडाळू नका. वाजवा. जोरात वाजवा. मी सांगावा धाडत न्हाई तवर हलगी थांबली न्हाई पायजे.”

“आता गं? मगा तर आमच्यावर लय...”

“मगाचं सोडा. भाषण करा. जमलं तर दोन करा.”

भाषण करा असं सरपंचांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, लोक नेहमी थांबवा म्हणत. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची माया आली. हलगीवाल्यांनीही वाळल्या चामड्याला ऊब दिली आणि पुन्हा सुरू झाले.

मग मी पाहुण्यांकडं वळले. खरी कसोटी इथं होती. “साहेब, पखुर्ड्या अजून गेल्या नाहीत. मी तुम्हाला दाखवणार. पण इथून पुढं मी सांगेन ते करायचं. का म्हणून विचारायचं नाही.”

सुभेदारसाहेबांनी भुवई वर केली. “ऑर्डर?”

“व्हय. ऑर्डर.”

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. मग नारिंगी टोपी काढून पिशवीत कोंबली आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, “ऐकलं ना? रंगीत काय असेल ते आत घाला.”

आप्पांच्या खोपटातून तीन घोंगडी आणि चार जुनी पोती निघाली. दोघांत एक घोंगडं, उरलेल्यांना पोती. डॉक्टरबाईंनी घोंगड्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि तरीही अंगभर गुंडाळून घेतलं. आप्पांनी मेंढरं गोळा केली आणि मग आम्ही निघालो, मेंढरांच्या मधून, वाकून, मेंढरांच्या चालीनं. सातारा-कराडची दहा शिकलेली माणसं, काही गुडघ्यावर, काही ओणवी, मेंढरांच्या लेंड्यांतून. एका मेंढीनं डॉक्टरबाईंची ओढणी तोंडात घेतली आणि सोडेचना. निवृत्त मास्तरांना एक एडका सारखा मागून ढुशा देत होता. आणि सुभेदारसाहेब? गुडघ्याला पट्टा असलेला तो माणूस कोपरांवर सरपटत होता आणि त्याचा चेहरा वीस वर्षांच्या रंगरुटासारखा दिसत होता. “चाळीस वर्षांनी,” माझ्याजवळून जाताना ते पुटपुटले, “चाळीस वर्षांनी काहीतरी कामाचं करतोय.”

ओढ्यात पोचलो. आप्पांनी डब्यानं आळं काठोकाठ भरलं. मी सगळ्यांना आळ्यापासून दहा पावलांवर अर्धगोल बसवलं, उन्हाकडं पाठ करून, घोंगड्यांतून फक्त डोळे आणि दुर्बिणी बाहेर. मेंढरं पाणी प्यायली. आप्पांनी आळं पुन्हा भरलं, तोंडानं हलकीशी शीळ घातली, आणि मेंढरं आमच्यामधून चरत पुढं सरकली. काही तिथंच रेंगाळली. आप्पा माझ्याशेजारी बसले, काठी आडवी घालून.

तिकडं बांधापलीकडून हलगी कडाडत होती. कर्ण्यावरून सरपंच पर्यावरणावर बोलत होते.

नऊ वाजले. काही नाही. सव्वानऊ झाले. घोंगड्याखाली कोणीतरी पाय बदलला आणि मी त्या दिशेनं असं बघितलं की तो पाय पुन्हा जागेवर गेला. मी मनात म्हणत होते, एक तरी येऊ दे. भाकऱ्यांची परात मला समोर दिसत होती.

आप्पांनी मान न हलवता माझ्या हाताला बोट लावलं. “आल्या बग.”

आधी आवाज आला. मग त्या ओढ्याच्या वळणावरून खालून आल्या आणि वाळूवर उतरल्या, पन्नासेक पावलांवर. बसल्या त्या दिसेनाशाच झाल्या. मग वाळूच चालायला लागावी तशा त्या पुढं यायला लागल्या. तुरूतुरू, थांबत, मान उंच करून बघत. आमच्याकडं बघितलं. घोंगडी बघितली. एका मेंढीच्या पायाखालून दोघी गेल्या. आळ्याच्या काठाला रांग लागली, माना खाली, माना वर. माद्या पिऊन मागं झाल्या. आणि नर पाण्यात शिरले.

एक नाही. मी नऊ मोजले. ते पाण्यात बसले, पोटाची पिसं फुलवली आणि अंग घासत, डोलत राहिले, इकडून तिकडं, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे. पाणी त्यांच्या पोटाखालून उसळत होतं. एक नर तर भिजून बाहेर आला आणि आप्पांच्या काठीच्या टोकापासून चार हातांवर येऊन बसला. तो उठला तेव्हा त्याच्या काळपट तांबूस पोटातून थेंब गळताना मला नुसत्या डोळ्यांनी दिसले. पिल्लं कुठंतरी दगडाच्या सावलीत वाट बघत असतील.

मी सुभेदारसाहेबांकडं पाहिलं. त्यांच्या दुर्बिणीखाली गालावर पाणी होतं आणि ते पुसायला ते हात हलवत नव्हते, कारण मी हलायचं नाही असं सांगितलं होतं.

मग मी प्रशिक्षणात मिळालेली माझी दुर्बीण हळूच गळ्यातून काढली आणि आप्पांच्या हातात दिली. त्यांनी आयुष्यात कधी डोळ्याला लावली नव्हती, असले नखरे आम्हाला कशाला, म्हणायचे. त्यांनी लावली. मग कुजबुजले, “पोटाला अशी नक्षी हाय व्हय गं ह्येंच्या? साठ वर्सं बगतुया, आन् आता दिसली.”

दहा मिनिटांनी थवा एकदम उठला आणि भिजलेली पोटं घेऊन माळावर पांगला. तरी कोणी उठेना. मी म्हणाले, “आता हला,” तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. मास्तर मला हात जोडत होते. डॉक्टरबाईंनी मला घोंगड्यासकट मिठी मारली. मी जिंकले होते, आणि हे खोट्या विनयानं लपवायची मला काही गरज वाटली नाही. मी ओढ्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडले. मेंढरं दचकून पळाली. आप्पांनी मला एक शिवी हासडली.

मांडवात परत गेलो तेव्हा सरपंच घसा बसेपर्यंत बोलून झालेले होते. मग फेटे झाले, नारळ झाले, आणि पाहुण्यांनीही मनापासून बांधून घेतले, कारण त्या गोंगाटाचं काय काम होतं ते आता त्यांना माहीत होतं. सुभेदारसाहेबांनी सरपंचांचा हात इतका वेळ हलवला की सरपंच गोंधळून गेले. शेवटी सरपंचांनी माइक घेतला आणि सवयीनं म्हणाले, “आता पाव्हन्यांनी जरा बसावं. आमची आक्का भाकरी टाकायला बसतीया, तासाभरात जेवनं हुतील.”

दहाही जण माझ्याकडं वळले. सुभेदारसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मी त्यांना बोलू दिलं नाही, हे माझं मला बोलायचं होतं. मी सरपंचांच्या हातातून माइक घेतला.

“भाकरी आज दुसरं कोणीतरी करंल,” मी म्हणाले. माझा आवाज सगळ्या माळावर गेला, आणि यावेळी मी ओरडत नव्हते. “धाविक पक्षी अजून दाखवायचा राहिलाय. ऊन चढायच्या आत जायला पाहिजे. ज्यांना यायचंय त्यांनी रांगेत उभं राहा.”

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सुभेदारसाहेब पहिले उठले, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि येऊन माझ्यामागं उभे राहिले. “ताई, तुम्ही निघा,” ते म्हणाले, “आम्ही मागं आहोत.” सकाळपासून ते मला तू म्हणत होते. त्यांच्यामागं डॉक्टरबाई, मग मास्तर, मग सगळे. माइक मी सरपंचांकडं परत दिला.

मी निघाले. पन्नासेक पावलांवर गेल्यावर रांग मोजायला म्हणून मागं वळले, तर दहा नव्हे, अकरा जण होते. मेंढरं बाभळीच्या सावलीला बसवून आप्पा शेवटी चालत होते, गळ्यात माझी दुर्बीण. आयुष्यभर ते पुढं आणि आम्ही मागं अशीच आमची चाल. पुढं जमीन जरा उंचावते तिथं मी डावीकडं हात केला. सगळे त्या बाजूला वळले. आप्पाही.